आई-बाबांना केंब्रिज दाखवायचंय? असा आखा दिवस

स्टेशनाबाहेर आल्याबरोबर माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने विचारलं आहे, "विद्यापीठ कुठल्या बाजूला?" प्रश्न रास्त आहे. पुण्यात गणेशखिंडीला गेलं की विद्यापीठाचं फाटक लागतं, आत शिरलं की मुख्य इमारत दिसते. केंब्रिजला असं फाटक नाही. ३१ कॉलेजं, विषयांचे विभाग, ग्रंथालयं, संग्रहालयं गावभर विखुरलेली आहेत. दोन कॉलेजांच्या मध्ये बाजार आहे, मागे नदी आहे, नदीपलीकडच्या कुरणात गाई चरत असतात. १२०९ साली ऑक्सफर्डला गावकरी आणि विद्यार्थी यांच्यातला तंटा विकोपाला गेला, तेव्हा तिथून बाहेर पडलेले काही विद्वान या नदीकाठच्या गावात येऊन राहिले. तेव्हापासून गाव आणि विद्यापीठ एकमेकांत मिसळलेलं आहे. म्हणून केंब्रिज बघायचं ते पायीच.

मी इथे बारा वर्षं राहते. आई-बाबा, सासू-सासरे, मावशी, मैत्रिणींचे आई-वडील अशा कितीतरी जणांना गाव दाखवलं. पहिल्या खेपेला आई-बाबांना मी एका दिवसात सात कॉलेजं फिरवली. रात्री आईच्या पायांना सूज आली होती आणि कुठल्या कॉलेजात काय पाहिलं हे दोघांनाही आठवत नव्हतं. त्यानंतर मी बेत बदलला, आणि तोच इथे सांगते आहे. तिकीट काढून आत जायचं ते एकाच ठिकाणी. नदीवर एक फेरी. संध्याकाळी एक प्रार्थना. बाकी सगळं रस्त्यावरून, थांबत थांबत, गोष्टी सांगत.

तारीख ठरवण्याआधी

सगळ्यात मोठी निराशा इथेच होते. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा हंगाम असतो आणि त्या काळात बरीच कॉलेजं बाहेरच्या लोकांसाठी पूर्ण किंवा अंशतः बंद असतात. भारतातून येणारे आई-वडील तर नेमके मे-जूनमध्येच येतात, कारण आपल्याकडे तेव्हा उकाडा आणि नातवंडांना सुट्टी. मेमध्येच यावं लागलं तरी हरकत नाही. पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेक तेव्हाही जमतात. फक्त ज्या कॉलेजात जायचं असेल त्याच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ आधी बघा. नाताळच्या आठवड्यातही दारं बंद असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळी वर्गांची मुलं आणि सहलीच्या बसगाड्या यांनी गाव भरून जातं. माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा. टर्म चालू असते, पानं पिवळी झालेली असतात, संध्याकाळच्या प्रार्थना सुरू असतात. थंडी सोसत असेल तर फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चही सुंदर. तेव्हा नदीपलीकडच्या हिरवळीवर क्रोकसची जांभळी-पांढरी फुलं येतात. सप्टेंबरात 'ओपन केंब्रिज' नावाचा उपक्रम असतो आणि एरवी बंद असलेल्या काही वास्तू तेव्हा बघायला मिळतात.

ओळखीचं कुणी इथे शिकत असेल तर आधी त्याला फोन करा. विद्यापीठाचं ओळखपत्र असलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक कॉलेजांत सोबत पाहुणे नेता येतात, तेही विनातिकीट.

पोचायचं कसं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडी पन्नासेक मिनिटांत येते. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, पण त्यांना जास्त वेळ लागतो. शनिवार-रविवारी किंवा इतर दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावरची 'ऑफ-पीक' तिकिटं घ्या. तिघं किंवा अधिक जण एकत्र असाल तर 'ग्रुपसेव्ह' सवलत मागा, एक तृतीयांश पैसे वाचतात. 'केंब्रिज नॉर्थ' नावाचं दुसरं स्टेशन आहे, तिथे चुकून उतरू नका.

स्वतःच्या गाडीने येणार असाल तर गावात शिरू नका. पार्किंग महाग, रस्ते अरुंद आणि निम्मे एकेरी. गावाच्या कडेला 'पार्क अँड राइड'चे तळ आहेत. तिथे गाडी लावून बसने यावं.

स्टेशन गावाच्या मध्यापासून सुमारे २ किलोमीटरवर आहे. गुडघे दुखत असतील तर सरळ बस पकडा. चालवत असेल तर चाला, कारण वाट सपाट आहे. या मुलखात चढ नावाला नाही, आणि म्हणूनच सगळं गाव सायकलवर असतं. आई-बाबांना पहिली सूचना हीच द्या: सायकलींचा आवाज होत नाही, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचं आणि सायकलच्या पट्ट्यात उभं राहून फोटो काढायचा नाही.

सपाट मुलूख असल्याने वारा मात्र अडत नाही. लंडनमध्ये पुरलेला स्वेटर इथे अपुरा पडतो. कानटोपी आणि एक वारा अडवणारं जाकीट हवंच.

पहिला टप्पा: ट्रंपिंग्टन स्ट्रीट

स्टेशनाकडून हिल्स रोडने येऊन डावीकडे लेन्सफील्ड रोडला वळा. तो रस्ता संपतो त्या कोपऱ्यावर एक दगडी, षट्कोनी स्मारक दिसेल. त्याच्याजवळ थांबा. हे हॉब्सनच्या पाटाचं तोंड. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, १६१० ते १६१४ च्या सुमारास, गावाबाहेरच्या झऱ्यांचं स्वच्छ पाणी पाट काढून गावात आणलं गेलं. पुढे ट्रंपिंग्टन स्ट्रीटवर चालताना रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडी पन्हळी दिसतात, त्या याच योजनेतल्या. माझे सासरे पुण्याचे. त्यांना कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणाऱ्या पेशव्यांच्या नळाची आठवण झाली आणि ते तिथून हलेनात.

ज्याच्या नावाने हा पाट ओळखला जातो तो टॉमस हॉब्सन घोडे भाड्याने द्यायचा. विद्यार्थी येऊन चांगला घोडा मागायचे. हा म्हणायचा, दाराजवळ उभा आहे तो न्या, नाहीतर चालू लागा. सगळ्या घोड्यांना आळीपाळीने विश्रांती मिळावी हा त्याचा हेतू. इंग्रजीत निवड नसलेल्या निवडीला अजून हॉब्सनचं नाव आहे.

पुढे डाव्या हाताला मोठमोठे खांब असलेलं फिट्झविल्यम संग्रहालय. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. दारातले दगडी सिंह मध्यरात्री उतरून त्या पन्हळीतलं पाणी प्यायला जातात, अशी इथली दंतकथा आहे. बरोबर लहान मुलं असतील तर ही गोष्ट राखून ठेवा. आत आत्ताच जाऊ नका, एकदा शिरलं की दोन तास जातात. संग्रहालय पावसासाठी ठेवा.

त्याला लागूनच पीटरहाउस, १२८४ साली स्थापन झालेलं इथलं सर्वांत जुनं कॉलेज. आणखी पुढे उजवीकडे पेंब्रोक. तिथलं प्रार्थनामंदिर ही क्रिस्टोफर रेन या वास्तुकाराची पहिली पूर्ण झालेली इमारत. याच रस्त्यावर फिट्झबिलीज ही १९२० पासूनची बेकरी आहे आणि तिचे चेल्सी बन प्रसिद्ध आहेत: पाकात चिंब, बेदाणे घातलेले, गुंडाळीच्या आकाराचे. एकच घ्या आणि तिघांत खा, इतके ते गोड असतात. आई-बाबांना अंडं चालत नसेल तर घेण्याआधी विचारून घ्या.

दुसरा टप्पा: घड्याळ, गल्ली आणि एक पब

सरळ चालत राहिलात की बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गर्दी दिसेल. काचेमागे सोन्याचा मुलामा दिलेली मोठी तबकडी, तिला काटे नाहीत, आणि वर बसून नाकतोड्यासारखा एक अक्राळविक्राळ कीटक जबडा उघडत-मिटत सेकंद खातो आहे. हे कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं घड्याळ. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ते मुद्दाम अडखळतं, मागे-पुढे होतं, आणि दर पाच मिनिटांनी एकदाच अगदी अचूक वेळ दाखवतं. पाच मिनिटं उभं राहून बघा.

बेनेट स्ट्रीटवरच सेंट बेनेटचं चर्च आहे. त्याचा बुरूज सुमारे हजार वर्षांचा, म्हणजे विद्यापीठाहूनही जुना. त्याच्या समोरच 'द ईगल' हा पब. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी फ्रान्सिस क्रिक यांनी दुपारच्या जेवणाला येऊन इथेच सांगितलं की आम्हाला जीवनाचं रहस्य सापडलं. ते रहस्य म्हणजे डीएनएची दुहेरी सर्पिल रचना. लंडनमध्ये काम करणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांनी मिळवलेल्या माहितीशिवाय क्रिक आणि वॉटसन यांना ती रचना बांधता आली नसती. बरोबर मुली-नाती असतील तर हे आवर्जून सांगा. आतल्या एका खोलीत छताकडे बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्ती आणि लायटरच्या काजळीने आपली नावं, तुकड्यांचे क्रमांक तिथे लिहिले आहेत. त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. दारू प्यायचीच असं काही नाही. चहा किंवा ज्यूस मागवून बसलात तरी चालतं.

पबकडून चर्चच्या बाजूला वळलं की फ्री स्कूल लेन ही गल्ली लागते. सहज कुणी शिरणार नाही इतकी साधी. पण जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा इथेच आहे. १८७४ साली ती उभी राहिली, १८९७ मध्ये इथे जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला, १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन. होमी भाभा याच प्रयोगशाळेत काम करून गेले. आज दिसतो तो फक्त एक दरवाजा आणि भिंतीवरची पाटी. विज्ञानात मन रमणाऱ्या माणसाला तिथे नुसतं उभं करा. माझे बाबा निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहेत. त्यांनी त्या पाटीला हात लावून नमस्कार केला होता.

तिसरा टप्पा: किंग्ज कॉलेजचं प्रार्थनामंदिर

तिकिटाचे पैसे खर्च करायचे ते इथे. तिकीट स्वस्त नाही, माणशी दहा पौंडांच्या वर आहे. ऑनलाइन आधी घेतलं की रांग टळते.

आत जाण्याआधी बाहेरून भिंतीकडे नीट बघा. खालचा दगड पांढुरका आहे आणि वर जाताना एका रेषेनंतर तो पिवळसर होतो. सहाव्या हेन्रीने १४४६ मध्ये बांधकाम सुरू केलं. मग राजघराण्यातली यादवी पेटली, तो स्वतः गादीवरून गेला, पैसा आटला, काम वर्षानुवर्षं रखडलं. नंतरच्या राजांनी ते पुढे नेलं तेव्हा दगड दुसऱ्या खाणीतला आला. १५१५ पर्यंत इमारत पूर्ण झाली. सत्तर वर्षांचा इतिहास त्या भिंतीवर नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

आत शिरल्यावर बोलायचं काही राहत नाही. वर दगडाचं छत आहे, पण ते माडाच्या झावळ्या एकमेकींत गुंतवाव्यात तसं पसरलेलं. पंख्याच्या आकाराचं हे जगातलं सर्वांत मोठं दगडी छत, आणि जॉन वेस्टेल या गवंड्याच्या हाताखाली ते अवघ्या तीन वर्षांत उभं राहिलं. खिडक्यांच्या रंगीत काचा १५३१ पर्यंत बसवल्या गेल्या. वरच्या भागात बायबलच्या जुन्या करारातले प्रसंग, खाली नव्या करारातले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने या काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. मधल्या लाकडी पडद्यावर आठवा हेन्री आणि त्याची राणी अॅन बोलिन यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. पडदा तयार झाला तेव्हा ती राणी होती, आणि १५३६ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. अगदी शेवटी रुबेन्सचं मोठं चित्र आहे. एक बाक पकडून वीस मिनिटं नुसतं बसा. आई-बाबांनाही थोडी विश्रांती मिळते.

बाहेर आल्यावर नदीकडे चालत जा, तिकिटात तेही येतं. पुलाजवळ पांढऱ्या संगमरवराचा एक दगड आहे आणि त्यावर शू चीमो या चिनी कवीच्या ओळी कोरल्या आहेत. १९२० च्या दशकात तो इथे राहून गेला. चीनमधून येणारी माणसं त्या दगडासाठी म्हणून येतात, कितीतरी वेळ उभी असतात. आपणही इथे कुणासाठी तरी उभं राहू शकतो: कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर या कॉलेजचे फेलो, म्हणजे अध्यापक-संशोधक सदस्य, होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, त्यानंतर इथून जाताना दर वेळी त्यांची आठवण येते.

हिरवळीचा नियम इथेच सांगून ठेवते. कॉलेजच्या चौकांतल्या गवतावर चालण्याचा मान सहसा फेलोंनाच असतो. पाटी असो वा नसो, फरसबंद वाटेवरूनच चालायचं. दारावर काळ्या कोटातले जे गृहस्थ असतात त्यांना पोर्टर म्हणतात. काही विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा, बहुतेक जण आपुलकीने सांगतात.

जेवण

किंग्जच्या समोरच्या गल्लीतून दोन मिनिटांत बाजाराचा चौक लागतो. तिथल्या ठेल्यांवर निरनिराळ्या देशांचं गरम खाणं मिळतं, शाकाहारीही भरपूर. पण बसायला जागा नाही, आणि वयस्कर माणसांना उभ्याने खाणं जमत नाही. मी सरळ घरून पोळीभाजीचा डबा नेते. ऊन असेल तर नदीकाठी जीझस ग्रीन किंवा बसस्टँडजवळचं पार्कर्स पीस हे मैदान. याच मैदानावर विद्यार्थ्यांनी फुटबॉलचे सामाईक नियम ठरवून खेळायला सुरुवात केली, पहिले नियम १८४८ चे. ट्रिनिटी कॉलेजात शिकणारे रणजितसिंहजीही इथे क्रिकेट खेळले. स्वच्छतागृहासाठी लायन यार्ड आणि ग्रँड आर्केड या मॉलमध्ये जा, सगळ्यात सोयीचं तेच.

भात-वरणाची फारच आठवण झाली तर मिल रोड. आपला किराणा, मसाले, मिठाई, निरनिराळ्या देशांच्या खानावळी सगळं तिथे आहे. पण ते गावाच्या दुसऱ्या बाजूला, स्टेशनाकडे. म्हणून ते परतीच्या वाटेवर ठेवा.

चौथा टप्पा: सेनेट हाउस, जिथे 'रँग्लर' ठरायचे

पर्यटक या इमारतीकडे बघत नाहीत. मला विचाराल तर मराठी माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथेच थांबावं.

किंग्जच्या उत्तरेला लागूनच, लोखंडी कुंपणाआड, पांढऱ्या दगडाची देखणी इमारत म्हणजे सेनेट हाउस. आत सहसा जाता येत नाही, कुंपणाशी उभं राहूनच बघायचं. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला वर्ग मिळवणाऱ्याला इथे 'रँग्लर' म्हणतात आणि सर्वांत वर असतो तो 'सीनियर रँग्लर'. पूर्वी निकाल याच इमारतीत गुणानुक्रमे मोठ्याने वाचला जायचा. १९०९ नंतर क्रमाने नावं जाहीर करण्याची पद्धत बंद झाली.

१८९९ साली इथे जे नाव सर्वांत वर आलं ते दापोलीजवळच्या मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं. आणखी एका विद्यार्थ्याबरोबर विभागून तो मान मिळाला, पण सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. तिथे राज्य इंग्रजांचं आणि इथे त्यांच्याच सर्वांत मानाच्या परीक्षेत कोकणातला मुलगा पहिला. हिंदुस्थानभर त्या बातमीचा केवढा आनंद झाला असेल! पुढे ते ठरल्याप्रमाणे पुण्याला परतले, फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथले प्राचार्य होते. आपल्याकडे 'रँग्लर' हा शब्द नावाआधी लागणारी पदवी झाला तो त्यांच्यामुळे. नंतर रँग्लर महाजनी झाले. विष्णू वासुदेव नारळीकर आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर, दोघेही इथले रँग्लर. आजोबांच्या पिढीतल्या कुणालाही इथे उभं करा आणि 'हीच ती जागा' एवढंच सांगा.

आणखी एक नाव घेते. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळाले. निकालात तिचं नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असं वाचलं गेलं, पण पदवी मिळाली नाही, कारण बायकांना पदवी द्यायची नाही असा नियम होता. १८९७ मध्ये तो बदलण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोध करणाऱ्या तरुणांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा याच चौकात लटकवला. बायकांना केंब्रिजची पदवी मिळाली ती थेट १९४८ मध्ये. मी माझ्या मुलीला ही गोष्ट ती सात वर्षांची असतानाच सांगितली.

समोरच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या बुरुजावर १२३ पायऱ्या चढून जाता येतं, थोडं तिकीट आहे. जिना अरुंद आणि गोल आहे. गुडघे धड असलेल्यांनीच चढावा. वरून कॉलेजांचे चौक एकाशेजारी एक असे दिसतात आणि गावाचा नकाशा डोक्यात बसतो. लंडनच्या बिग बेनची ठोक्यांची सुप्रसिद्ध धून मुळात या चर्चची.

पाचवा टप्पा: ट्रिनिटी आणि सेंट जॉन्स

रस्त्याने पुढे निघालात की डावीकडे गॉनव्हिल अँड कीज कॉलेज. इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणी 'कायस' म्हणतं, पण उच्चार 'कीज'. असाच पुढचा एक: नदीकाठच्या कॉलेजला 'मॅग्डालेन' म्हणायचं नाही, 'मॉडलिन' म्हणायचं. वाट विचारताना हे कामी येतं.

ट्रिनिटीच्या मोठ्या दरवाजावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, कुण्या खोडकर विद्यार्थ्याने बदललेला आणि तसाच राहिलेला. दरवाजाच्या उजव्या बाजूच्या छोट्या हिरवळीवर सफरचंदाचं झाड आहे, न्यूटनच्या घरच्या झाडाचा वंशज. न्यूटन १६६१ मध्ये इथे विद्यार्थी म्हणून आला.

आता पाठ फिरवून रस्त्यापलीकडे बघा. तिथे व्हेवेल्स कोर्ट हा ट्रिनिटीचाच चौक आहे. श्रीनिवास रामानुजन १९१४ मध्ये इंग्लंडला आले आणि पुढे इथे राहिले. पहिलं महायुद्ध सुरू होतं, कडक शाकाहारी माणसाला खायला मिळेना, ते खोलीवर स्वतः रांधून खायचे. १९१८ मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले, १९१९ मध्ये आजारी अवस्थेत परतले आणि पुढच्याच वर्षी ३२ व्या वर्षी गेले. त्यांच्या शेवटच्या काळातले कागद ट्रिनिटीच्या रेन ग्रंथालयात होते. १९७६ मध्ये ते पुन्हा उजेडात आले. हे ग्रंथालय थोडाच वेळ उघडतं. वेळ जुळली तर मात्र इतर काहीही सोडून जा. न्यूटनने स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केलेली त्याच्याच ग्रंथाची प्रत तिथे आहे.

ट्रिनिटीत तिकीट काढून जायचं नसेल तर थोडं मागे येऊन गॅरेट हॉस्टेल लेन या गल्लीतून नदीवर जा. तो पूल सार्वजनिक आहे. दोन्ही बाजूंना कॉलेजांच्या बागा आणि दक्षिणेला क्लेअर कॉलेजचा १६४० चा पूल दिसतो. पलीकडे उतरून क्वीन्स रोडने डावीकडे गेलात की कुरणापलीकडे किंग्जचं प्रार्थनामंदिर दिसतं. टपाल-कार्डावर असतो तो फोटो इथून घेतात, एक पैसा न देता.

सेंट जॉन्स हे परांजप्यांचं कॉलेज. मनमोहन सिंगही इथलेच. दोन कॉलेजांचं तिकीट परवडत असेल तर दुसरं हे घ्या, कारण चौकामागून चौक असे ते थेट नदीपर्यंत आणि तिच्यावरच्या १८३१ च्या छत असलेल्या पुलापर्यंत नेतं. कोपऱ्यावरचं गोल चर्च ११३० च्या सुमाराचं. दोन मिनिटं थांबून पुढे चला.

सहावा टप्पा: नदी

मॅग्डालेनच्या, म्हणजे मॉडलिनच्या पुलाजवळ की-साइड हा धक्का आहे. तिथून 'पंट' निघतात: सपाट बुडाच्या लांबट होड्या, लांब बांबूसारख्या काठीने नदीचा तळ रेटत चालवायच्या. रस्त्यात बरीच मुलं भाव सांगत मागे लागतील. पहिल्याला हो म्हणू नका. आधी ऑनलाइन दर बघून ठेवा, मग धक्क्यावर जाऊन विचारा. दुपारी उशिरा किंवा ढगाळ दिवशी भाव खाली येतो.

आई-बाबा बरोबर असतील तर नावाडी असलेली पंटच घ्या. पाऊण तासाची फेरी असते, गाद्या आणि बहुधा पांघरूणही देतात. सेंट जॉन्सपासून क्वीन्सपर्यंत सगळी कॉलेजं मागच्या अंगाने दिसतात आणि पायांना विसावा मिळतो. क्वीन्सजवळचा लाकडी 'मॅथेमॅटिकल ब्रिज' न्यूटनने खिळ्याशिवाय बांधला असं कुणी सांगेल. पूल १७४९ चा आणि न्यूटन वारला १७२७ मध्ये, तेव्हा ते खरं नाही. क्लेअरच्या पुलावरचे दगडी गोळे मोजायला सांगा मुलांना. एका गोळ्याची फाक कापलेली आहे, ती शोधण्यात फेरी कधी संपते कळत नाही.

तरुण मंडळींनी स्वतः चालवायला हरकत नाही. मागच्या सपाट फळीवर उभं राहा, काठी होडीला लागून सरळ खाली सोडा, तळाला टेकली की रेटा, मग किंचित पिळून वर ओढा. चिखलात काठी रुतली तर तिला धरून राहू नका, सोडून द्या. होडी पुढे जाते आणि काठी धरणारा पाण्यात पडतो. काठी नंतर वल्ह्याने मागे येऊन घेता येते.

पाऊस लागला, किंवा आणखी एक दिवस मिळाला

पावसात फिट्झविल्यम तर आहेच. मुलांना मात्र डाउनिंग स्ट्रीटवर न्या. सेजविक संग्रहालयात दारातच इग्वानोडॉनचा सांगाडा उभा आहे आणि डार्विनने 'बीगल' जहाजाच्या सफरीतून आणलेले दगड आहेत. समोरच प्राणिशास्त्र संग्रहालयात देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलेला आहे. दोन्ही मोफत.

दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळची ४० एकरांची वनस्पती बाग (तिकीट आहे), किंवा नदीकाठच्या कुरणांतून ग्रँचेस्टर या खेड्यापर्यंत तासाभराची पायवाट. वाटेत गाई आडव्या येतात. माझ्या आईला या गावातलं सगळ्यात आवडलेलं तेच. हिवाळ्यात असाल आणि आकाश निरभ्र असेल तर मॅडिंग्ली रोडवरच्या खगोलशास्त्र संस्थेत बुधवारी संध्याकाळी लोकांना दुर्बिणीतून तारे दाखवतात. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी उभारलेल्या संस्थेचीच ही वास्तू आहे.

शेवटचा टप्पा: सांजप्रार्थना

टर्म चालू असेल तर बहुतेक संध्याकाळी किंग्जच्या प्रार्थनामंदिरात 'इव्हनसाँग' असतं. ते सर्वांसाठी खुलं आणि मोफत आहे. सकाळचं तिकीट खिशाला जड वाटत असेल तर ते सोडा, पण हे सोडू नका. त्या दिवशीची वेळ संकेतस्थळावर बघा आणि किमान अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभे राहा.

आत गेल्यावर फोन बंद. फोटो नाही, मध्येच उठून जाणं नाही. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. प्रार्थना म्हणायलाच हवी असं नाही. कुठल्याही धर्माच्या माणसाने नुसतं शांत बसून ऐकलं तरी कुणी काही म्हणत नाही. लांब पांढऱ्या झग्यातली लहान मुलं आणि विद्यार्थी रांगेने येतात आणि गाऊ लागतात. वाक्य संपतं, पण दगडी छताखाली सूर काही क्षण तसाच राहतो. माझी आई रोज पहाटे काकड आरती म्हणणारी. तिला एक शब्द कळला नव्हता. बाहेर आल्यावर किंग्ज परेडवर गार वारा सुटला होता. शाल डोक्यावरून घेत ती म्हणाली, "उद्या पण असतं का गं हे?" आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

परतीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात, घाई करू नका. स्टेशनकडे जाणारी बस सेंट अँड्र्यूज स्ट्रीटवर मिळते.